‘व्हर्लीबर्ड’ : आकाशांतून टिपलेली बातमी

एखाद्या आपत्तीचें चित्र आपण पाहतों, क्षणभर हळहळतों आणि पुढच्या बातमीकडे वळतों. तें चित्र कोणीं टिपलें आणि टिपणाऱ्याच्या संसाराचें पुढें काय झालें, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. मॅट योका यांनीं दिग्दर्शित केलेला व २०२० सालीं ‘सन्डान्स’ महोत्सवांत प्रथम दाखविण्यांत आलेला ‘व्हर्लीबर्ड’ हा माहितीपट ती चौकशी करतो. म्हणून त्याचा परामर्श घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ही कथा लॉस एंजेलिस शहरांतील एका दांपत्याची आहे. मारिका जेरार्ड, आणि त्या काळीं बॉब टर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या व आज स्त्री म्हणून जगणाऱ्या झोई टर, यांनीं बातम्यांचीं चित्रें पुरविणारी स्वतःची संस्था काढली. झोई हेलिकॉप्टर चालवीत व वर्णन सांगत. मारिका दारांतून बाहेर वाकून कॅमेरा चालवीत. २९ एप्रिल १९९२ च्या दंगलींत रेजिनल्ड डेनी या ट्रकचालकास भर चौकांत झालेली मारहाण शहरानें यांच्याच कॅमेऱ्यांतून पाहिली. १७ जून १९९४ रोजीं ओ. जे. सिम्प्सन यांना घेऊन पळणारी पांढरी मोटार आकाशांतून हुडकली तीहि यांनींच.

उंचावरून मनुष्य दिसतो, पण त्याची किंकाळी ऐकूं येत नाहीं. योका यांची मार्मिकता अशी कीं, त्यांनीं या दोघांच्याच जुन्या चित्रफितींतून लोकांच्या कानीं न पडलेला आवाज बाहेर काढला आहे. लोकांना खालची आग दिसत असे. हेलिकॉप्टरांत मात्र मारिका यांच्यावर आगपाखड चाललेली असे. मुलांचें बाळपणहि याच फितींवर उमटलें आहे. अखेर हा संसार मोडला. झोई आपल्या त्या वर्तनाबद्दल आज खेद व्यक्त करतात. परंतु मारिका यांचें संयत निवेदन आम्हांस अधिक भेदक वाटलें, कारण त्यांत कोणाची दया मागितलेली नाहीं.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. घराचा हिशेब इतक्या चोखपणें मांडणारा हा चित्रपट, तीं दृश्यें विकत घेणाऱ्या वाहिन्यांना आणि मिटक्या मारीत तीं पाहणाऱ्या प्रेक्षकांना फार सौम्यपणें वागवितो. मागणी होती म्हणूनच ही धांव होती.

तरीहि असल्या वार्तांकनाचा सरसकट धिक्कार करणें न्यायाचें होणार नाहीं. डेनी यांस वांचविणारे चार अपरिचित नागरिक दूरचित्रवाणीवर ती मारहाण पाहूनच घराबाहेर पडले होते. तेंच दृश्य पाहणारे असंख्य लोक जागचे हलले नाहींत. आपण यांपैकीं कोणांत मोडतों, हें ज्यानें त्यानें स्वतःस विचारावें. चित्रपटांतील कांहीं दृश्यें लहान मुलांस दाखविण्याजोगीं नाहींत. जाणत्या वाचकांनीं मात्र तो अवश्य पाहावा, अशी आमची शिफारस आहे.