घटनासमितीतील वाद आणि संवाद

लोकशाहीत मतभेद असावयाचेच. परंतु मतभेद असलेल्या माणसांनी एकमेकांशी बोलावे कसे, हा प्रश्न अलीकडे आपल्या घराघरांत येऊन ठेपला आहे. निवडणुकीचा हंगाम आला की सख्खे भाऊ एका पंगतीला मुकाट्याने जेवून उठतात. विषय निघालाच तर आवाज चढतो, आणि तो निघू नये म्हणून घरातील वडीलधारी मंडळी पाऊसपाण्याच्या गोष्टी काढतात. अशा दिवसांत आम्ही कपाटातील एक जाडजूड आणि खरे सांगावयाचे तर कंटाळवाणा म्हणून प्रसिद्ध असलेला ग्रंथ पुन्हा वाचावयास घेतला. भारताच्या घटनासमितीच्या कामकाजाचे बारा खंड, हा तो ग्रंथ. ९ डिसेंबर १९४६ रोजी तो सुरू होतो आणि २४ जानेवारी १९५० रोजी संपतो. कायदेपंडित ह्या खंडांकडे पुराव्याची कागदपत्रे म्हणून पाहतात, पुढारी त्यांतून सोयीची वाक्ये वेचतात. परंतु वाङ्मय म्हणून त्यांची परीक्षा करण्याचे सहसा कोणी मनावर घेत नाही. तसा थोडासा प्रयत्न येथे करण्याचे योजिले आहे.

आपल्या न्यायशास्त्राने वादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा तेवढा खोडावयाचा ती वितंडा. महाविद्यालयांतून ज्या वादविवाद-स्पर्धा होतात (आम्ही अनेक वर्षे त्यांचे परीक्षक म्हणून बसलो आहो, तेव्हा हे पाप आमच्याही माथी आहेच) त्यांत जल्पाचेच शिक्षण मिळते. आज अनुकूल, उद्या प्रतिकूल, आणि शेवटी चषक. परंतु घटनासमितीचे खंड वाचताना हे तिन्ही प्रकार अपुरे वाटू लागतात. ज्यांचे एकमत होण्याची आशा नाही, आणि तरीही ज्यांना एकाच घरात राहावयाचे आहे, अशा माणसांच्या बोलण्याला नाव काय द्यावयाचे? ह्या खंडांतील उत्तम पाने ह्याच चौथ्या प्रकारची आहेत, असे आमचे मत आहे.

ग्रंथाचा आरंभ मात्र मुळीच शुभ नाही. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १० डिसेंबरला, झांशीचे रघुनाथ विनायक धुळेकर हिंदुस्थानीत बोलावयास उभे राहिले. पुष्कळ सभासदांना ही भाषा येत नाही, असे अस्थायी अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हा ह्यांनी त्यांच्या नजरेस आणले. त्यावर धुळेकरांनी, ज्यांना हिंदुस्थानी येत नाही त्यांना हिंदुस्थानात राहण्याचा अधिकार नाही, अशा आशयाचे उत्तर दिले! ज्या सभेने सर्वांसाठी घर बांधावयाचे, तिच्या दुसऱ्याच दिवशी कोणीतरी कोणाला तरी घराबाहेर काढीत होते.

पण खरा प्रसंग पुढेच आहे. १३ डिसेंबरला पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. सभागृहात काँग्रेसचे प्रचंड बहुमत होते. मुस्लिम लीगने बहिष्कार घातला होता व तिच्या जागा रिकाम्या होत्या. संस्थानांचे प्रतिनिधी यावयाचे होते. १६ तारखेला बॅरिस्टर मुकुंदराव जयकर उभे राहिले आणि त्यांनी उपसूचना मांडली की, लीग व संस्थाने ह्यांना भाग घेता यावा म्हणून हा ठराव पुढे ढकलावा. जयकरांचा पिंडच मध्यस्थाचा. १९३० साली सर तेजबहादुर सप्रूंच्या बरोबर येरवड्याच्या तुरुंगापर्यंत तडजोडीच्या खेपा त्यांनी घातल्या होत्या. मध्यस्थाला दोन्हीकडून बोल खावे लागतात, हे त्यांना नवे नव्हते. त्यांच्या भाषणात वारंवार अडथळे आले. ते छापील पानावर आज वाचतानाही एका वृद्ध कायदेपंडिताची कोंडी आपणांस जाणवते. त्यांचे म्हणणे बव्हंशी कायद्याच्या अंगाने गेले, आणि कायद्याने कोणाचे मन वळत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांना अचानक पाचारण झाले. आपल्या आधी वीस-बावीस जण बोलावयाचे आहेत, अशी त्यांची समजूत होती. ती त्यांनी बोलूनही दाखविली. ते काँग्रेसचे कडवे टीकाकार, मुंबईतून निवडून येऊ न शकल्याने बंगालमधून आलेले, आणि ज्या उपसूचनेस पाठिंबा द्यावयाचा ती सभागृहाला नकोशी झालेली. अशा स्थितीत बोलणाऱ्याने काय करावे, ह्याचा वस्तुपाठ म्हणून हे भाषण आमच्या महाविद्यालयांतून शिकविले जावे.

त्याची रचना पाहा. प्रथम त्यांनी देशातील फूट कबूल केली: आपण परस्परविरोधी छावण्यांत विभागलो आहोत, आणि आपण स्वतः अशाच एका छावणीचे पुढारी आहोत, हेही त्यांनी लपविले नाही. त्यानंतर, काळ जाईल तसा हा देश एक झाल्यावाचून राहणार नाही, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला. ह्यात आर्जव नाही आणि लाचारीही नाही. मग त्यांनी प्रश्नाची जागाच बदलून टाकली. ठराव मंजूर करण्याचा सभागृहाला अधिकार आहे किंवा नाही, ह्या जयकरांच्या मुद्द्याला त्यांनी बगल दिली. अधिकार आहे असे गृहीत धरूया. पण तो आज वापरणे शहाणपणाचे होईल काय, एवढेच त्यांनी विचारले. सत्ता ही एक गोष्ट आणि शहाणपण ही दुसरी. ह्या पेचातून निघण्याच्या तीनच वाटा आहेत, असे ते म्हणाले: एका पक्षाची शरणागती, वाटाघाटीने केलेला तह, किंवा उघड युद्ध. तिसरी वाट किती भयंकर आहे हे सांगताना अमेरिकन वसाहतींविषयीच्या बर्कच्या भाषणाचा त्यांनी आधार घेतला. आणि अखेर, प्रतिपक्षाच्या पूर्वग्रहांनाही थोडी सवलत द्या, भीती वाटेल असे शब्द तूर्त बाजूस ठेवा, पण त्यांना आत येऊ द्या, अशी त्यांनी विनवणी केली.

ज्यांच्यासाठी हे बोलणे चालले होते ते सभागृहात नव्हतेच, हे लक्षात घेतले पाहिजे. जिंकण्यासाठी बोलणारा समोरच्या श्रोत्यांकडे पाहून बोलतो. आंबेडकर त्या दिवशी रिकाम्या खुर्च्यांच्या वतीने भरलेल्या खुर्च्यांशी बोलले, आणि भरलेल्या खुर्च्यांनी ते ऐकून घेतले. ठरावावरील विचार जानेवारीपर्यंत तहकूब झाला.

येथे ग्रंथ मिटून टाळ्या वाजविणे सोपे आहे. परंतु प्रामाणिक वाचकाला पुढची पाने उलटावी लागतात. लीग आली नाही. २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव मंजूर झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फाळणी झाली. तेव्हा ह्या थांबण्याचा उपयोग काय झाला, असे कोणी विचारील. देश वाचविण्यास उपयोग झाला नाही, हे उघड आहे. तथापि, दुसऱ्याच एका कामी तो झाला असावा, असे आम्हांस वाटते. बंगालच्या फाळणीबरोबर आंबेडकरांची जागा गेली. तत्पूर्वीच जयकरांनी आपली जागा सोडलेली होती. मुंबई इलाख्यातील त्याच रिकाम्या जागेवर, राजेंद्रप्रसादांनी बाळासाहेब खेर ह्यांना लिहिलेल्या पत्रानंतर, जुलै १९४७ मध्ये आंबेडकर काँग्रेसच्या मतांवर निवडून आले, आणि पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. प्रतिपक्षाला आत घ्या, असे सांगणाऱ्या प्रतिपक्षीयालाच बहुमतवाल्यांनी आत घेतले. ह्यात राजकारणाचा हिशेब नव्हता असे आम्ही म्हणत नाही. पण डिसेंबरातील ते भाषण झाले नसते, तर तो हिशेब जमला असता काय, ह्याची आम्हांस शंका आहे.

ह्या ग्रंथाचा आमच्या लेखी सर्वांत बोधप्रद प्रसंग मात्र फार लहान आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या तथाकथित स्वयंपूर्ण जीवनाची जी संभावना केली ती प्रसिद्धच आहे. अज्ञान, संकुचितपणा व जातीयता ह्यांचे आगर म्हणजे खेडे, असा त्यांचा अभिप्राय. अस्पृश्यांनी त्या खेड्यात काय भोगले हे ठाऊक असणाऱ्याला त्यातील प्रखरतेचे नवल वाटणार नाही. सभागृहातील गांधीभक्त मात्र दुखावले गेले आणि कित्येक दिवस त्यांनी आपली व्यथा बोलून दाखविली. पुढे २२ नोव्हेंबरला के. संतानम ह्यांनी ग्रामपंचायतींचे कलम मार्गदर्शक तत्त्वांत घालण्याची सूचना आणली. आता वाचक सावरून बसतो, की बाबासाहेबांची तोफ सुटणार! पण त्यांनी एवढेच सांगितले की, ही उपसूचना आपणांस मान्य आहे. तेच आज राज्यघटनेचे ४० वे कलम आहे.

ह्याला कोणी माघार म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. आंबेडकरांचे खेड्यांविषयीचे मत ह्या अठरा दिवसांत पालटले, असे मानण्यास काडीचाही आधार नाही. आणि संतानम व त्यांचे स्नेही ह्यांनाही आंबेडकरांचे म्हणणे पटले नव्हते. दोघेही आपापल्या मतांवर कायम राहिले, आणि कलम झाले. मतपरिवर्तनावाचून समेट होऊ शकतो, ही गोष्ट आपल्या कीर्तन-प्रवचनांच्या परंपरेत वाढलेल्या मनाला पटावयास जड जाते. आपल्या संवादाचा नमुना म्हणजे श्रीकृष्ण आणि अर्जुन. तेथे शेवटी अर्जुनाचा मोह जातो. घटनासमितीत कोणाचाच मोह जात नाही.

भाषेच्या वादात ह्या पद्धतीची ताकद दिसते आणि दुबळेपणाही दिसतो. १९४८ च्या नोव्हेंबरातच टी. टी. कृष्णमाचारी ह्यांनी उत्तरेकडील मित्रांना बजावले होते की, अखंड हिंदुस्थान हवा की हिंदीचा हिंदुस्थान हवा, हे त्यांनी ठरवावे. १२ सप्टेंबर १९४९ रोजी ह्या विषयाला तोंड फुटले तेव्हा तीनशेहून अधिक उपसूचना पुढे होत्या. आरंभीच अध्यक्ष राजेंद्रप्रसाद ह्यांनी सभासदांना विनविले की, कोणाचे मन दुखावेल असा शब्द काढू नका, कारण बहुमताने केलेला निर्णय देशाच्या एखाद्या भागाला मान्य झाला नाही तर घटना चालविणेच कठीण होईल. बहुमत असूनही ते वापरू नका, असे बहुमतातल्याच अध्यक्षाने सांगावे, ह्याचे मोल मोठे आहे. पुढील तीन दिवसांत सर्वांत कडाक्याचे भांडण कशावर व्हावे? आकड्यांवर! हा लेख ज्या देवनागरी आकड्यांत छापला जात आहे, ते ठेवावयाचे की आंतरराष्ट्रीय पद्धतीचे घ्यावयाचे, ह्यावर विद्वान आणि देशभक्त हातघाईवर आले. हसू येते खरे. परंतु घराच्या वाटणीत भाऊ शेवटी पितळेच्या तांब्यावरच भांडतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्यातील दुःखही कळेल. तांब्या हे केवळ निमित्त असते. अखेर मुनशी-अय्यंगार मसुद्याने हिंदी, देवनागरी लिपी, आंतरराष्ट्रीय आकडे आणि इंग्रजीला पंधरा वर्षे, अशी मोट बांधली, आणि १४ सप्टेंबरला ती मंजूर झाली. पंधरा वर्षे सरली त्या १९६५ साली मद्रासकडे आगडोंब उसळला, माणसे मेली, आणि १९६७ च्या दुरुस्तीने इंग्रजीचा आधार पुढेही राहिला. समेट म्हणून जे केले ती वस्तुतः मुदतीची हुंडी होती. तरीही ती मुदत मिळाली नसती तर १९४९ सालीच काय झाले असते, ह्याचा विचार टीकाकारांनी करावा.

ह्या ग्रंथात काळी पानेही आहेत. २५ व २६ मे १९४९ रोजी धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचा प्रश्न आला. बेगम एजाज रसूल ह्यांनी त्या रद्द करण्यास पाठिंबा दिला. मद्रासचे महंमद इस्माइल ह्यांनी त्या व विभक्त मतदारसंघ राहावेत असा आग्रह धरला. निर्णय चुकला असे आमचे म्हणणे नाही. पण त्या दिवशी सभागृहाची भाषा उत्तर देण्याची कमी आणि समज देण्याची अधिक होती, आणि फाळणीचा घाव ताजा होता एवढ्याने तिचे समर्थन होत नाही.

ग्रॅनव्हिल ऑस्टिन ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मान्यवर ग्रंथात घटनासमितीच्या एकमताच्या व समावेशाच्या वृत्तीची वाखाणणी केली आहे. ती यथार्थ आहे. फक्त तिच्यामुळे वाचकाचे लक्ष जुळलेल्या सुरांकडेच जाते. आमचे लक्ष बेसूर राहिलेल्यांकडे जाते. मसुद्यावर ७,६३५ उपसूचना आल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्यांतील पुष्कळ फेटाळल्या गेल्या, पण त्या मांडणाऱ्यांचे भाषण अक्षरशः छापले गेले. प्रा. के. टी. शहा ह्यांनी १५ नोव्हेंबर १९४८ रोजी ‘सेक्युलर’ व ‘सोशॅलिस्ट’ हे शब्द पहिल्या कलमात घालावयास सुचविले. ते नाकारले गेले. १९७६ साली ते उद्देशिकेत आले. ते आणीबाणीत आले ही गोष्ट शहांना रुचली असती की नाही, हा प्रश्न वेगळा. एकेका पुढाऱ्याची भाषणे वेचून स्वतंत्र पुस्तके काढण्याची आपल्याकडे जी चाल आहे, तिने नेमकी ही हरलेल्यांची पाने गळतात, आणि संवादाचे स्वगत होते.

म्हणून २५ नोव्हेंबर १९४९ च्या डॉ. आंबेडकरांच्या समारोपाच्या भाषणातील व्यक्तिपूजेचा इशारा सर्वांच्या तोंडी आहे, पण त्याच्या आधीचा आभाराचा परिच्छेद फारसा कोणी वाचीत नाही. नझिरुद्दीन अहमद ह्यांनी ‘ड्राफ्टिंग’ समितीला ‘ड्रिफ्टिंग’ समिती, म्हणजे प्रवाहपतित समिती, असे नाव ठेवले होते. त्याला आंबेडकरांनी हसत उत्तर दिले की, वाहत जाणे दोन प्रकारचे असते, सुकाणू हाती असताना आणि नसताना. आणि मग त्यांनी सभागृहातील बंडखोरांचे नाव घेऊन आभार मानले. त्यांच्या सूचना आपण स्वीकारू शकलो नाही. परंतु ते नसते तर ही सभा होयबांचा मेळावा झाली असती, असा त्यांचा आशय आहे. सिधवा, सक्सेना, ठाकुरदास भार्गव, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू, आणि आमचे अमरावतीचे पंजाबराव देशमुख ह्यांची नावे त्यात आहेत.

आधीच्या महिन्यात, १७ ऑक्टोबरला, उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी उपसूचना हरि विष्णु कामत ह्यांनी आणली होती. ती मागे घ्यावी असे अध्यक्षांनी विनविले. कामतांनी ऐकले नाही, मतदान घ्यावयास लाविले, आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी ते हरले. आंबेडकरांच्या त्या यादीत पहिले नाव कामतांचे आहे.