‘विषम’ की ‘एकी’? : प्राथमिक गणितातील एका संज्ञेची चिकित्सा

लहान मुलांना विषम संख्या ओळखावयास शिकविणे हे गणिताच्या शिक्षकाचे काम. भाषाभ्यासकाला त्यात कर्तव्य नाही, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन नेमके याच्या उलट आहे. या पाठात मूल अडखळते ते पुष्कळदा गणनेपाशी नव्हे, तर शब्दापाशी. आणि शब्दाचा हा दोष मात्र मुलाच्या बुद्धीच्या खाती मांडला जातो.

आपल्या वर्गांत सामान्यतः असे शिकविले जाते की, ज्या संख्येच्या एककस्थानी १, ३, ५, ७ किंवा ९ असेल ती विषम. हा नियम अचूक आहे. परंतु ती व्याख्या नव्हे, खूण आहे. संख्या विषम का, याचे उत्तर तीत नाही. दहाच्या पाच जोड्या पुऱ्या होतात, म्हणून दशकस्थानी काहीही असले तरी तेथे शिल्लक राहत नाही. निर्णय एककाच्या अंकावर येऊन ठेपतो. हे कारण समजण्यापूर्वी खूण हाती आली, तर मूल अंकाचे रूप पाहते, संख्या पाहत नाही. ‘३६’मध्ये ३ दिसला म्हणून तिला विषम म्हणणारे मूल निष्काळजी नसते, त्याला खूण दिली, पण ती कशाची हे सांगितले नाही, इतकेच.

आता संज्ञेकडे वळू. ‘विषम’ म्हणजे जे सम नाही ते. ‘सम’ या शब्दाचा मराठी मनावरील पहिला संस्कार ‘सारखे’ हा होय, आणि ‘विषम’चा ‘असमान’ हा. ‘विषमता’ या शब्दाने तो अधिकच दृढ होतो. गणितातही याहून निराळे नाही. समभुज त्रिकोण म्हणजे तिन्ही बाजू सारख्या असलेला, विषमभुज म्हणजे तिन्ही असमान असलेला. मग समभुज त्रिकोणाच्या बाजूंची संख्या विषम, हे विधान विद्यार्थ्याच्या कानाला कसे वाटेल? ही द्व्यर्थता संस्कृतापासून चालत आली आहे. छंदःशास्त्रात विषम चरण म्हणजे पहिला व तिसरा. विषमवृत्त म्हणजे मात्र ज्याचे चारही चरण परस्परांहून भिन्न आहेत ते. त्याच संस्कृतात ‘युग्म’ आणि ‘अयुग्म’ ही जोडीची कल्पना स्पष्ट सांगणारी पदेही होती. आपण स्वीकारली ती नेमकी धूसर जोडी.

याहून महत्त्वाचा मुद्दा चिन्हितत्वाचा. ‘विषम’ काय किंवा ‘अयुग्म’ काय, दोन्ही निषेधातून सिद्ध झालेली पदे आहेत. टेरेन्स हाइन्स यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रौढांनाही विषम अंकांविषयी निर्णय देण्यास सम अंकांपेक्षा अधिक वेळ लागल्याचे आढळले, आणि त्याचा अर्थ चिन्हितत्वाच्या तत्त्वाने लावण्यात आला. जेथे प्रौढ रेंगाळतो तेथे बालकाला निषेधाची आणखी एक पायरी चढावयास लावणे शहाणपणाचे नव्हे.

मराठीत याला पर्याय आहे. तो मुलांच्या खेळात आहे. मुठीत चिंचोके लपवून ‘एकी की बेकी?’ असे विचारणारे मूल गणितच करीत असते. मूठ उघडावी, दोन-दोन चिंचोके बाजूला काढावेत. एक उरला तर एकी, न उरला तर बेकी. ‘बे एके बे’ म्हणणाऱ्या मुलाला ‘बेकी’तील ‘बे’ परका नाही. येथे एक पद दुसऱ्याचा निषेध करीत नाही; प्रत्येक पद आपली कसोटी स्वतःच सांगते. युक्लिडच्या सातव्या पुस्तकात विषम संख्येची व्याख्या करताना, जी दोन समान भागांत विभागत नाही किंवा जी सम संख्येहून एकाने भिन्न असते ती, असे म्हटले आहे. त्या व्याख्येचा उत्तरार्ध म्हणजे ‘एकी’च होय. आणि हे शब्द केवळ खेळापुरतेच योग्य, असेही म्हणता येणार नाही. गुजरातीत ‘एकी’ व ‘बेकी’ हीच गणिताची रूढ शालेय पदे आहेत.

परंतु या पर्यायाचीही परीक्षा झाली पाहिजे; आणि त्यासाठी मुदखेडसारखे गाव उपयोगी आहे. निजामाबाद आणि आदिलाबाद या दोन्ही दिशांचे लोहमार्ग येथून जातात, आणि त्या वाटांनी मराठीला तेलुगूचा शेजार आहे. दखनी आणि बंजारा बोलीही या भागात घरोघर आहेत. तेलुगूत सम संख्येला ‘सरि’ आणि विषम संख्येला ‘बेसि’ म्हणतात. घरी ‘बेसि’ ऐकलेल्या मुलाला शाळेतील ‘बेकी’ उच्चाराने जवळची आणि अर्थाने उलट पडते. उर्दूत विषम तो ‘ताक’ आणि सम तो ‘जुफ्त’. ‘जुफ्त’ म्हणजे जोडीच, पण ‘ताक’ म्हटल्यावर मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे पेलाच येणार. तात्पर्य, कोणताही शब्द निर्दोष नाही. म्हणूनच कृती आधी आणि शब्द नंतर, हा क्रम अनिवार्य ठरतो. चिंचोक्यांच्या जोड्या लावण्यास कोणत्याही भाषेचा अडसर नाही.

या संदर्भात २०१९ सालच्या वादाचे स्मरण होते. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली, आणि मोठा गदारोळ उठला. जोडाक्षरी संख्यानामे मुलांना जड जातात, ही मंगला नारळीकर यांची भूमिका होती. आपल्या विषयापुरते पाहता दोन्ही पद्धतींना काही म्हणावयाचे आहे. ‘वीस सात’मध्ये जोड्या पुऱ्या झालेला ‘वीस’ वेगळा पडतो आणि परीक्षेला ‘सात’ उरतो. ‘सव्वीस’ आणि ‘सत्तावीस’ यांत एककाचा अंक आरंभी असूनही ‘स’च्या सारखेपणात हरवतो. उलट ‘एकोणतीस’ हे नाव स्वतःच सांगते की, जोड्या पुऱ्या झालेल्या तिसांतून एक काढला आहे. म्हणजे शेवटच्या जोडीतील एक एकटा उरला. पारंपरिक नावांत दडलेला हा तर्क शिक्षकाने उलगडून दाखविला, तर ती नावे ओझे राहणार नाहीत. वादाचा रोख मात्र नावे ठेवावी की टाकावी एवढ्यावरच राहिला.

‘विषम’ ही संज्ञा हद्दपार करावी, असे आमचे म्हणणे नाही. पुढील शिक्षणात ती लागणारच. मागणी एवढीच आहे की, तिने तिसऱ्या क्रमांकावर यावे : प्रथम मूठभर चिंचोके, मग ‘एकी-बेकी’, आणि त्यानंतर ‘विषम-सम’. रिकामी मूठ उघडून ‘ही एकी की बेकी?’ असे विचारले असता, काहीच उरले नाही म्हणून बेकी, असे जे मूल उत्तर देईल, त्याला शून्य सम का हे निराळे शिकवावे लागणार नाही. हा क्रम उलटा केला की मूल चुकते, आणि त्या चुकीवरून त्याला गणितात कच्चे ठरविण्यापूर्वी आपण आपली परिभाषा तपासून पाहिली पाहिजे. परिभाषेची चिकित्सा हे भाषाविभागांचेच काम आहे.