गल्ली शांत का दिसते?

आमच्या नार्वे गावात दुपारी दिवाडीची फेरीबोट सुटून गेली की रस्त्यावर चिटपाखरू नसतं. "किती शांत!" पाहुणे म्हणतात. तेव्हा मागच्या दारी कुणी भांडी घासत असतं, कुणी फडक्यातून पाणी गाळत असतं. म्हणूनच की काय, योहानेस व्हर्मीरचं 'छोटी गल्ली' हे चित्र छापील पाहिलं तेव्हा मला गल्लीच्या आधी बायकाच दिसल्या.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरातलं हे चित्र साधारण १६५८ चं. मूळ चित्र आम्सटरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. जेमतेम ५४ सेंटीमीटर उंच, ४४ रुंद. त्यात घडतं काय? म्हटलं तर काहीच नाही. विटांचं जुनं घर, बुजवलेल्या भेगा, खालच्या भिंतीला चुना. दारात एक बाई शिवत बसलीय, बोळात दुसरी पिंपाशी वाकलीय, दोन मुलं फरशीवर खेळतायत.

आता त्याचं कसब बघा. भिंत एवढी मोठी, पण डोळा थांबतो तो दोन उघड्या जागी : दार आणि बोळ. दोन्हीकडे बाईच. दारातल्या काळोखावर पांढरी टोपी उठून दिसते. विटांवर केवढी मेहनत! चेहरे मात्र रंगाच्या दोन-चार ठिपक्यांत उरकलेले. उजेड ढगाळ, करकरीत सावली कुठे नाही. घर अगदी समोरून रंगवलेलं, उजवीकडे चौकटीने कापलेलं. जणू पलीकडच्या खिडकीतून आपणच बघतोय. म्हणून मन निवतं.

२०१५ साली फ्रान्स ग्रायझेनहाउट या अभ्यासकाने १६६७ च्या करवहीतली घरांची मापं ताडून ही जागा व्लामिंगस्ट्राटवरची ठरवली. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण त्या घरात व्हर्मीरची सावत्र आत्या राहायची. विधवा बाई, जनावरांची आतडी विकून तिने पाच मुलांना पोसलं.

खरं सांगते, जैन घरात वाढलेली मी, हे वाचून आधी नाक मुरडलं. मग स्वतःचीच लाज वाटली. तो धंदा मला आजही पटणार नाही. पण पाच पोरांची भूक काय असते, ते त्या बाईला ठाऊक होतं, मला नाही.

व्हर्मीरने त्या जगण्याचा वास, घाई, चिंता चित्राबाहेर ठेवली. मला ती त्याची उणीव वाटते. पण बोळ त्याने उघडा ठेवला, आणि आत राबणारी बाई झाकली नाही. गल्ली शांत दिसते ती कुणीतरी आत काम उरकत असतं म्हणून. पुढच्या वेळी कुणी "किती शांत!" म्हणालं, तर त्याला मागच्या दारी घेऊन जा.