तसबिरीतील पोशाख आणि स्त्रीचा हक्क

जुन्या तसबिरीत पर्दा दिसला की स्त्री गुलाम आणि उघडा चेहरा दिसला की ती स्वतंत्र, असा निकाल देण्याची घाई पुष्कळदा केली जाते. बाल्कन प्रदेशातील मुस्लिम स्त्रियांच्या वाट्याला तर हा निकाल नेहमीच येतो. या घाईला आमची हरकत आहे.

उत्तर अल्बेनियातील श्कोडर शहर उस्मानी अमलाखाली असताना, १८५६ साली, पिएत्रो मारुबी या इटालियन गृहस्थाने तिथे स्टुडिओ काढला. पुढे त्याचा शिष्य केल आणि केलचा मुलगा गेग यांनी तो चालवला. त्यांच्या लाखो निगेटिव्ह आज त्याच शहरातील मारुबी संग्रहालयात जपलेल्या आहेत. रंगवलेल्या पडद्यापुढे जरीचा पोशाख आणि दागिने घालून बसलेल्या स्त्रिया त्यांत दिसतात. त्यावरून घराची ऐपत कळते. त्या घरात स्त्रीच्या शब्दाला किती किंमत होती, हे कळत नाही.

पर्द्यावरून धर्म ओळखावा, तर त्या शहरातील कॅथलिक स्त्रियाही रस्त्यावर पर्दा घेत. हक्क ओळखावेत, तर आसपासच्या डोंगरांत कानून नावाचा रूढिसंग्रह चाले. तो कॅथलिक आणि मुस्लिम अशा दोन्ही टोळ्या मानत. कुरआनने मुलीला वारसाहक्क दिला आहे. या रूढीने तो नाकारला. म्हणजे दोष रूढीचा, आणि ती रूढी दोन्ही धर्मांच्या लोकांची होती. आजन्म अविवाहित राहण्याची शपथ घेऊन पुरुषी वेशात वावरणाऱ्या स्त्रीला मात्र घराचे कर्तेपण मिळे. एडिथ डरहॅम या इंग्रज प्रवासी लेखिकेने १९०९ च्या आपल्या पुस्तकात अशा स्त्रियांची नोंद केली आहे. त्यांना मान मिळाला खरा, पण बाईपण सोडून.

अल्बेनियात राजा झोगच्या राजवटीने १९३७ साली चेहरा झाकण्यावर बंदी घातली. बोस्नियात तसा कायदा १९५० साली झाला. बोस्नियातील मोहिमेत मुस्लिम स्त्रियाही होत्या, हे आम्ही नाकारत नाही. परंतु युगोस्लाव्हियातील स्त्रियांना मताचा अधिकार १९४५ सालीच मिळाला होता. मधल्या पाच वर्षांत पर्द्यातली बोस्नियन स्त्री मतदार होती. हे कोणत्या तसबिरीत दिसणार?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की तसबीर जरूर पाहावी. पण स्त्रीचा दर्जा ठरवताना तिच्या शेजारी वारसाचा कागद, मतदारयादी आणि शाळेचा दाखलाही ठेवावा.