नाव पुसले, माणूस उरला

माहितीच्या साठ्यातून नाव-पत्ता काढला की माणूस सुरक्षित झाला, असे सरकारी कचेऱ्यांपासून ॲप काढणाऱ्या कंपन्यांपर्यंत सगळे सांगतात. लटान्या स्वीनी यांनी हा समज १९९७ मध्येच मोडीत काढला. आज हार्वर्डमध्ये प्राध्यापक असलेल्या स्वीनी तेव्हा एमआयटीत संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या. मॅसॅच्युसेट्स राज्याने कर्मचाऱ्यांच्या औषधोपचारांच्या नोंदी, नावे वगळून, संशोधकांना दिल्या होत्या. स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड यांवरून दोन्ही याद्या जुळवल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे सहा जण निघाले. त्यांत पुरुष तीन आणि वेल्ड यांच्या पिनकोडचा एकच. खुद्द गव्हर्नरचे आजारपण उघड झाले.

पुढे १९९० च्या जनगणनेवरून त्यांनी मांडले की, या तीन गोष्टींवरून ८७ टक्के अमेरिकन एकेकटे ओळखता येण्याची शक्यता आहे. २००६ मध्ये फिलिप गोल यांच्या फेरमोजणीत हे प्रमाण ६३ टक्के आले. आकडा उतरला, मुद्दा टिकला.

हेच गणित नगर जिल्ह्यातल्या दोन हजार वस्तीच्या गावाला लावून पाहू. सत्तर वर्षांचे दिवस साधारण २५,५००. स्त्री-पुरुष धरून ५१,००० खाने. दोन हजार माणसे त्यांत विखुरली की बहुतेक जण आपापल्या खान्यात एकटेच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख १ जून लावली, ती जुनी पिढी तेवढी एकमेकांच्या आडोशाला राहते. दवाखान्यात जन्मलेली, अचूक दाखला असलेली नातवंडे उघडी पडतात.

यावर स्वीनी यांनी २००२ मध्ये सविस्तर मांडलेला उपाय म्हणजे ‘के-अनामिकता’: प्रत्येक नोंद तशाच निदान ‘के’ नोंदींत मिसळलेली असावी. इथे मात्र त्यांची मांडणी अपुरी पडते. एखाद्या वस्तीवरचे दहाही कर्जदार थकबाकीदार असतील, तर नाव शोधायची गरजच उरत नाही. अश्विन मचनवज्जला व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हीच उणीव दाखवली. कृत्रिम बुद्धिमत्तेने ती आणखी रुंदावली आहे. यंत्र त्या दहा नोंदींवरून शिकते आणि यादीत नसलेल्या अकराव्याच्या कर्जाचा अर्जही त्याच मापाने मोजते. कृष्णवर्णीयांत रूढ असलेल्या नावांचा शोध घेतला की अटक सुचवणाऱ्या जाहिराती अधिक दिसतात, हे स्वीनी यांनीच २०१३ मध्ये दाखवले. म्हणजे हानी गटाची होते हे त्यांना दिसले होते. ‘के’च्या व्याख्येत मात्र व्यक्तीची ओळखच मोजली जाते, गट नाही.

तरीही त्यांच्या पद्धतीतला एक धडा आपण उलटा घेतला आहे. त्यांचे हत्यार कोणते होते? कोणालाही मिळणारी यादी. ती बंद असती तर राज्याचा दावा खोटा ठरलाच नसता. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, कलम ४४(३) द्वारे, माहिती अधिकाराचे कलम ८(१)(जे) बदलले. वैयक्तिक माहिती सार्वजनिक हितासाठी देण्याची त्या कलमातली तरतूद गेली. कलम ८(२) चा सर्वसाधारण आधार तेवढा राहिला. त्याच कायद्याचे कलम १७ मात्र केंद्राला हव्या त्या सरकारी यंत्रणेस सूट देण्याची मुभा देते. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे ज्या हक्कासाठी उपोषणाला बसले, त्या हक्काला गोपनीयतेच्या नावाने कात्री लागली.

आजार, कर्ज, बायोमेट्रिक नोंदी झाकाव्यात. सरकारी पैशाचा लाभ कोणाला मिळाला, हे चावडीवर दिसावे. नावे वगळून माहिती कंपन्यांना देण्याआधी ती स्वीनी यांच्या पद्धतीने जुळवून पाहण्याचे काम त्रयस्थ अभ्यासकांकडे द्यावे आणि निष्कर्ष लोकांपुढे ठेवावेत. स्वीनी यांनी ही तपासणी केली, तेव्हा त्या कोणत्याही पदावर नव्हत्या.