आठ जिवांची थकबाकी

पुस्तकावर मत द्यायचा अधिकार कोणाला, हा विषय निघाला की मी चष्मा पुसायला घेतो. आम्ही बी. कॉम., त्यातही कॉस्टिंगचा पेपर दुसऱ्या खेपेला सुटलेला. गेली बावीस वर्षं एका बँकेत बसून लोकांच्या सह्या जुळतात की नाही ते बघतो आहे. पण पुण्यात अधिकार नसलेल्या विषयावर बोलायला अजून तरी कर बसलेला नाही, तेव्हा बोलतो.

आमची कन्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकते. (पुण्यात दर तिसऱ्या घरातलं कोणी ना कोणी जपानी शिकतं, उरलेले जर्मन.) तिनं एके दिवशी माझ्या उशाशी एक पुस्तक ठेवलं. नाहोको उएहाशी या बाईंची १९९६ सालची जपानी कादंबरी, ‘सेइरेइ नो मोरिबितो’. मला झेपावं म्हणून २००८ साली निघालेलं इंग्रजी भाषांतर. “बाबा, यात नायिका बॉडीगार्ड आहे. पैसे घेऊन लोकांना वाचवते.”

बॉडीगार्ड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमच्या शाखेतले बंदूकवाले काका उभे राहिले. माजी सैनिक, भरघोस मिशा, दुनळी बंदूक. दिवसभरात त्यांचं मुख्य काम म्हणजे आजीबाईंना पैसे भरायच्या स्लिपा भरून देणं. त्यामुळं मी पुस्तक जरा सैलसरच उघडलं आणि रात्री दीडला मिटलं. सौ. म्हणाली, “हिशेब जुळत नव्हता का?” तिचा अंदाज फारसा चुकला नव्हता.

नायिकेचं नाव बालसा. वय तीस. हातात आखूड भाला, अंगावर जुन्या जखमा. पहिल्याच प्रकरणात ही पुलावरून चाललेली असताना वरच्या पुलावर धाकट्या राजपुत्राच्या गाडीचा बैल बिथरतो आणि पोरगा नदीत पडतो. ही मागंपुढं न बघता पाण्यात उडी टाकते. त्याच रात्री राणी तिला गाठून सांगते, की माझ्या पोराच्या पोटात एका जलदेवतेचं अंडं वाढतंय, आणि खुद्द त्याचा बापच त्याच्या जिवावर उठलाय. मोबदला घसघशीत. पण एवढं गुपित ऐकल्यावर नाही म्हणायची सोय कुठली? बालसाला ते कळतं आणि ती तसं राणीला तोंडावर ऐकवतेही. आमच्याकडे जामीनदाराला फॉर्मवर सही झाल्यावर अटी दाखवतात, तोच प्रकार.

आता ‘भाडोत्री’ हा शब्द आपल्याकडे नाक मुरडूनच उच्चारतात. पण मराठी माणसाला याचं वावडं असायचं कारण नाही. मराठ्यांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार असत. बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदार स्वतःचा घोडा नि हत्यार घेऊन चाकरीला येई. बालसा ही शिलेदार. भाला स्वतःचा, मान स्वतःची, फक्त पगार दुसऱ्याचा. आणि बाई म्हणून आश्चर्य वाटत असेल, तर १७९५ साली खर्ड्याला आपली निजामाशी लढाई झाली तेव्हा निजामाच्या जनान्याच्या रक्षणाला बायकांच्या पगारी पलटणी होत्या, हे ध्यानात घ्या. पण आमच्या कादंबरीकारांना त्या दिसल्या नाहीत. ‘मुक्तामाला’ आली १८६१ साली, ‘मंजुघोषा’ १८६८ साली, आणि दोन्हीकडे अद्भुताची रेलचेल. पण नायिकेच्या वाट्याला आलेलं मुख्य काम म्हणजे संकटात सापडणं. पुढं १९३५ साली पडद्यावर नादियाबाई चाबूक घेऊन ‘हंटरवाली’ झाल्या, पण ती पडली राजकन्या. तिला महिन्याची एक तारीख कुठं ठाऊक?

बालसाला ठाऊक आहे. म्हणून तिची मारामारी मला पटली. चार शिकारी पाठलागावर येतात तेव्हा ती त्यांना लीलया लोळवत नाही. सपाटून मार खाते, रक्त जातं, टाके पडतात, आणि जखम आपला वेळ घेऊन भरते. टाके घालतो तांडा नावाचा तिचा बालमित्र. हा झाडपाल्याचा वैद्य. स्वयंपाक करतो, औषध वाटतो, आणि भाला घेऊन गेलेली बाई परत येईल म्हणून वाट बघतो. लग्नाचं नाव दोघंही काढत नाहीत. आमच्या सौ.नं एवढाच भाग वाचायला मागून घेतला आणि दोन दिवस माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं.

पण पुस्तकाची खरी गंमत वेगळीच आहे. त्या देशाचा एक अधिकृत इतिहास आहे. त्यात पहिल्या सम्राटानं पाण्यातल्या राक्षसाला मारून राज्य स्थापलं. प्रत्यक्षात तो राक्षस नाही, पाऊस आणणारी शक्ती आहे. तिचं अंडं फुकट गेलं तर दुष्काळ. हे मूळच्या रहिवाशांना ठाऊक होतं, पण राज्यकर्त्यांची भाषा बोलता बोलता तेही विसरून गेले. उरलं काय, तर सणाला म्हणायची गाणी आणि म्हातारीच्या गोष्टी. बाई पेशानं मानववंशशास्त्रज्ञ, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींमध्ये राहून अभ्यास केलेल्या. त्यामुळं हे सगळं ऐकीव वाटत नाही. जून उलटला की पेपरात आधी खडकवासल्याची टक्केवारी बघणाऱ्या आम्हां पुणेकरांना तर ‘अंडं वाचलं पाहिजे’ हे निराळं समजावून सांगावं लागत नाही. इतिहासावरून भांडायचं तर आपण घरूनच शिकून येतो.

दोष नाहीत असं नाही. दिसणारं जग एक आणि न दिसणारं दुसरं, या दोहोंचा शेजार समजावून देताना बाई मध्येच मास्तरीण होतात. नावं तर अशी, की मी मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं वंशावळ काढली. आणि पोराला मारायला निघालेला सम्राट बाप मला शेवटपर्यंत पडद्याआडचाच राहिला. बाप असा का वागतो, हे त्याच्याच तोंडून ऐकायला आवडलं असतं.

राहता राहिला हिशेब. बालसा सहा वर्षांची असताना राजकारणात तिच्या बापाचा जीव जाणार हे ठरलेलं. त्यानं आपल्या मित्राला, जिगुरोला, गळ घातली आणि जिगुरो पोरीला घेऊन पळाला. मागावर आले ते त्याचेच जुने दोस्त. पोरीसाठी त्यानं त्यातले आठ मारले. बालसानं मनाशी ठरवलं, आठ जीव वाचवीन, देणं फेडीन. इथपर्यंत माझ्यातला कारकून खूष होता. नावे आठ, जमा आठ, खातं बंद. पण गुहेतल्या मुक्कामात ती राजपुत्राला सांगते, की एकाला वाचवायचं तर दुसऱ्या कोणाला जखमी करावं लागतं, नवा हाडवैरी जोडला जातो. बेरीज-वजाबाकी करायची मी सोडून दिली.

इथं मी पुस्तक पालथं घातलं.

माझे वडील मी तिसरीत असताना गेले. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी करायची. सकाळी थेट घरी यायची आणि न झोपता मला नारायण पेठेतून शाळेपर्यंत पोचवायची. तिनं लग्न केलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही, कारण उत्तर घरात डबा घेऊन शाळेत जात होतं. मला नोकरी लागली तेव्हा सहा पगारांतून साठवलेलं पाकीट मी तिच्या हातात ठेवलं. नकार वगैरे काही नाही. दोनदा मोजून घेतलं. महिन्यानं आमच्याच शाखेत त्याची मुदतठेव झाली. फॉर्म मीच पास केला आणि वारसाचं नाव न वाचता शिक्का मारला. मुदत संपल्यावर कळलं, वारस म्हणून माझंच नाव होतं.

गेल्या रविवारी तिला सगळी गोष्ट सांगितली. आता एक्क्याऐंशी, गुडघे गेलेत, कान शाबूत. पहिला प्रश्न, “पगार वेळेवर मिळाला का गं तिला?” मिळाला म्हटलं. “आणि तो मुलगा?” म्हटलं, थोरला भाऊ वारला, म्हणून याला परत राजवाड्यात न्यायला आले. जायचं नव्हतं त्याला, पण गेला. “आणि ती?” म्हटलं, जिगुरोचं आपल्यात काय गुंतलं होतं ते तिला या पोराला सांभाळताना उमगलं. आता भाला घेऊन आपल्या जन्मगावी निघाली.

“एकटीच?”

मी पानं उलटायला लागलो.

“राहू दे आता. आभाळ भरून आलंय, नीघ. स्कूटर हळू चालव, आणि पोचलास की फोन कर.” गुडघ्यांवर हात ठेवत ती उठली आणि मी कोपऱ्यावर वळेपर्यंत गॅलरीत उभी होती. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे.