पी१६ चांगला, पण घाटघरहून किती खेपा?

पी१६/केआय-६७ या दुहेरी रंगचाचणीवरचे पेपर वाचताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. ती सांगायला आधी उस्मानाबादला (आताचं धाराशिव) जावं लागेल.

तिथे १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर अभ्यास झाला; निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. एका गटाची एचपीव्ही डीएनए चाचणी, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या गटाची तपासणीच नाही. (हा चौथा गट मला आजही बोचतो.) आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मृत्यू अनुक्रमे ३४, ५४, ५६ आणि ६४. गट साधारण सारखेच मोठे. म्हणजे एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

मग मार्कर कशाला? कारण त्या गटात दहातली एक बाई पॉझिटिव्ह निघाली, आणि त्यातल्या बहुतेकींना काही झालेलंच नव्हतं; विषाणू बऱ्याचदा आपोआप जातो. धोका कधी? विषाणूचं ई७ प्रथिन पेशीचा ब्रेक, म्हणजे आरबी, निकामी करतं तेव्हा. मग पेशी घाबरून (माझ्या गाईड ओरडतील, पेशी घाबरत नाही) पी१६ ढिगाने बनवते. पण पी१६ काम करतो तो आरबीमार्फतच, आणि तोच बाद झालेला! केआय-६७ सांगतो की पेशी विभागतेय. निरोगी पेशीत हे दोघं एकत्र दिसत नाहीत. कल्पना सुंदर आहे, वाद नाही.

पण पेपर अचूकता मोजतात, खेपा नाही. जुन्नर तालुक्यातलं, नाणेघाटाजवळचं घाटघर घ्या. तिथली बाई एचपीव्हीसाठी स्वतःच नमुना घेऊ शकते. त्यात गर्भाशयमुखाच्या पुरेशा पेशी मिळतीलच असं नाही, म्हणून रंगचाचणीसाठी तिला पुन्हा बोलवायचं. वर काच वाचणारा तज्ज्ञ हवा. भातलावणी सोडून कोण येणार, सांगा बरं?

डीएनए मिथिलेशनचे मार्कर त्याच पहिल्या नमुन्यातून तपासता येतात. ते काही सुरुवातीचे बदल सोडतात, खरंय. पण कर्करोगाच्या जवळ पोचलेले चांगले पकडतात. माझ्या हिशेबात घाटघरसाठी तेच वरचढ. उपचाराची एक खेप तरीही उरतेच, आणि ती जुन्नरपर्यंतची की थेट पुण्याची, यावर मी वाचलेल्या पेपरांत एक ओळसुद्धा नाही.